अमृतेश्वर ते नागेश्वर, व्हाया कात्राबाई

रतनगड बहुतेक भटक्यांचा झालेला असतो. हरिश्चंद्रगड तर ज्याने आयुष्यात एकच ट्रेक केला त्याचाही झालेला असतो. या दोन गडांच्या मधला मुलूख मात्र फारसं कुणी तुडवत नाही. कात्राबाईची खिंड, कुमशेत, मुळेचं पात्र, पाचनई अशी ती वाट आहे. अंतर प्रचंड नाही, पण मध्ये जंगल दाट, ढोरवाटा उदंड आणि मोबाइलला रेंज जवळजवळ नाहीच. आम्ही गेलो ऑक्टोबरच्या सुरुवातीला. या दिवसांत गवत डोक्याच्या वर गेलेलं असतं, वाटा मोडलेल्या असतात आणि दुपारनंतर परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. त्या बदल्यात ओढे वाहते असतात, पाण्याची चिंता निम्मी होते आणि सोनकी फुललेली मिळते.

वेळ आणि वाट दोन्ही मास्तरने ठरवलं. मास्तर म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. भूगोल शिकवतो, म्हणून मास्तर. त्याचं म्हणणं असं की गड बघायला आपण खूप हिंडलो, आता पाणी कुठून कुठे जातं ते बघत चालू. रतनगडाच्या पूर्वेला पडलेला पाऊस प्रवरेत जातो. कात्राबाईची खिंड ओलांडली की पलीकडचं पाणी मुळेचं. हरिश्चंद्रगडाच्या उत्तरेकडचं पाणीही मुळेलाच मिळतं, पण दक्षिणेला उतरलं की पुष्पावती, तिथून कुकडी, घोड, भीमा आणि शेवटी कृष्णा. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातून निघून कृष्णेच्या खोऱ्यात उतरायचं, आणि सगळा वेळ उजव्या हाताला कोकणात कोसळणारे कडे.

आमच्यात एक जुना करार आहे. दोघांपैकी कुणीही "परत" म्हटलं की दुसऱ्याने तिथल्या तिथे कारण विचारायचं नाही. भांडण काय ते मुक्कामी, चहाबरोबर.

गुरुवार : रतनवाडी ते रतनगड

शेंडीहून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून जीपने रतनवाडीत पोचलो. १९२६ साली पुरं झालेलं ते विल्सन धरण आणि त्यामागचं हे एवढं पाणी. अमृतेश्वराच्या देवळाला आधी वेळ दिला. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे प्रवरेचं, असं सांगतात. बाहेरच्या भिंतींवरची नक्षी बघायला बरेच जण थांबतात; मास्तर मात्र पुष्करणीच्या पायरीवर बसून पाणी किती चढलंय ते बघत होता.

गडाची वाट सोपी आणि मळलेली. कोवळी प्रवरा दोन-तीनदा ओलांडायची आणि मग जंगलात शिरायचं. वर कुठे तरी एक फाटा फुटतो, एक वाट शिड्यांकडे आणि दुसरी कात्राबाईकडे. तो फाटा आम्ही नीट बघून ठेवला, दुसऱ्या दिवशी तिथेच परत यायचं होतं. पाठीवर प्रत्येकी बारा-तेरा किलो. लोखंडी शिडीवर चढताना मोठी सॅक कातळाला घासते आणि माणसाला मागे ओढते. पहिल्या शिडीवर मास्तर थांबला, छातीचा पट्टा आवळला आणि म्हणाला, "तंबू तू घेतलास हे बरं केलंस."

संध्याकाळी नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, जाऊन बसलो. वारा इतका की बोलायचं तर ओरडून. उत्तरेला कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग ही सगळी मंडळी ओळीने. दक्षिणेला कात्राबाईचा डोंगर आणि त्यामागे आजोबा डोंगराचा काळा माथा. त्या माथ्यावर ढग जमत होते, पांढरे, उंच, फुगीर. मास्तर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. "उद्या दोनच्या आत खिंड उतरून खाली असायला हवं," एवढंच म्हणाला. मुक्काम गुहेत केला. टाक्याचं पाणी थंडगार, खिचडी बरी झाली.

शुक्रवार : कात्राबाईची खिंड

झुंजुमुंजू होताच निघायचं होतं, पण धुकं इतकं उतरलं की शिड्या दिसेनात. साडेआठच्या सुमारास खाली उतरलो आणि फाट्यावरून कात्राबाईकडे वळलो.

पहिला तासभर वाट सरळ होती. मग जंगल संपून डोंगराचा एक सपाट पदर लागला आणि सगळं बदललं. गवत डोक्याच्या वर, मध्ये कारवीचं रान, आणि गुरं जिथे जिथे गेली असतील तिथे तिथे एकेक वाट. ढोरवाटांचा हाच ताप. त्या वाटेसारख्याच दिसतात, शंभर पावलं नीट नेतात आणि मग एखाद्या चरणीच्या जागी अशा विरून जातात की आपण इथे आलो कसे हेही कळत नाही. गवताची कुसळं मोज्यांतून आत शिरून टोचत होती. पुढचा माणूस चार हातांवर असला तरी दिसायचा नाही, फक्त खसखस ऐकू यायची.

डावीकडची एक वाट मला पटली होती. खिंड त्या दिशेलाच दिसत होती, आणि वाट चढतही होती. मी पुढे गेलो. मागून मास्तरची हाक आली: "परत."

आता, ज्याला वाट सापडली आहे असं वाटतंय त्या माणसाला हा शब्द ऐकणं फार जड जातं. समोर खिंड दिसतेय, ऊन चढतंय, दोनच्या आत उतरायचंय आणि हा बाबा मागे फिरायला सांगतोय. पण करार तो करार. मागे वळलो, गवत तुडवत शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत आलो. ती खूण म्हणजे दगडावर दगड रचलेली एक लहानशी चळत. तिथून मास्तरने खिंडीकडे बघायचं सोडून ओढ्याकडे बघायला सुरुवात केली. त्याचं गणित साधं होतं. गावची माणसं खिंड ओलांडताना पाणी जवळ ठेवून चालतात, आणि गुरं चारणारे चढ टाळतात. म्हणजे ओढ्याच्या कडेने जी वाट उभी चढेल ती माणसांची. दहा मिनिटांत खरंच ती सापडली, झाडांच्या सालीवर जुने कोयत्याचे घाव असलेली. माझी ढोरवाट कुठे गेली असती ते वर चढल्यावर दिसलं. सरळ एका घळीच्या तोंडाशी.

या सगळ्यात दुपारचे दीड वाजले. खिंड वर अजून अर्ध्या तासावर, आणि आजोबावरचे ढग काळे पडलेले. लांबून गडगडाट आला.

इथे आमचं वाजलं. मास्तर म्हणे, आत्ता नेट लावू, वीज यायच्या आत पलीकडे उतरू. मी म्हटलं, थांबू. परतीच्या पावसातली वीज आणि उघडी खिंड यांचा मेळ मला नको होता. मास्तर म्हणाला, "करारात 'परत' आहे, 'थांब' नाही." वकिली मुद्दा होता, पण खरा होता. शेवटी मी सॅक उतरवून खालीच बसलो. एकाने बसायचं ठरवल्यावर दोघांच्या ट्रेकमध्ये दुसऱ्याला पर्याय राहत नाही.

जागा नीट निवडली. एकट्या उंच झाडाखाली नाही, ओढ्याच्या पात्रात नाही, तर सारख्या उंचीच्या दाट झाडीत, उतारावर. सॅका आणि चालायच्या काठ्या लांब ठेवल्या, कॅरीमॅट घडी करून त्यावर उकिडवे बसलो, दोघांमध्ये वीसेक पावलांचं अंतर. वीज पडलीच तर एक तरी दुसऱ्याला उचलायला उरला पाहिजे. हे नियम दोघांनाही पाठ आहेत, पण ते पाळताना मित्राकडे बघून अंतर मोजणं हा विचित्र अनुभव आहे. मग पाऊस आला. पंधरा मिनिटांत ओढ्याचा आवाज बदलला. उजेड आणि आवाज यांतलं अंतर मी मोजत होतो. आठ सेकंद, पाच, मग तीन. एकदा दोन्ही एकत्रच झालं आणि खिंडीच्या बाजूने जो कडाड आवाज आला त्यानंतर मास्तरने माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. मीही नाही.

वादळ सरायला तास-दीड तास गेला. चिंब भिजून खिंडीत पोचलो. कात्राबाईचं ठाणं म्हणजे झाडाखाली शेंदूर लावलेले दगड, वर भलं मोठं देऊळ वगैरे काही नाही. पण तिथून जे दिसतं! पावसाने धुतलेली हवा, समोर आजोबा, करंडा, नाफ्त्याची जोडशिखरं, आणि मुळेचं सगळं खोरं वाफाळत होतं. या टापूत हरिश्चंद्रगडाचे कौतुक करणारे शेकड्यांनी भेटतात. मला विचाराल तर सगळ्यात देखणी जागा ही खिंड आहे, आणि पोचायला त्रास पडतो म्हणूनच ती शिल्लक आहे.

उतार घसरडा होता. मास्तरचा उजवा गुडघा जुना दुखणेकरी, चढावर गप्प असतो आणि उतारावर बोलायला लागतो. मी चढावर धापा टाकतो आणि उतारावर सुटतो. त्यामुळे आम्ही कधीच बरोबर चालत नाही, एकमेकांची वाट बघत चालतो. त्या उतारावर मात्र मी त्याच्या पुढे दहा पावलंच राहिलो. त्याने ते ओळखलं आणि म्हणाला, "मला सांभाळू नकोस, वाट सांभाळ." हेडटॉर्च लावून कुमशेतच्या वाडीत शिरलो तेव्हा कुत्र्यांनी स्वागत केलं.

एका घराच्या पडवीत जागा मिळाली. घरच्या मावशींनी काही न विचारता चुलीत लाकूड सारलं. नाचणीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, पातळ डाळ. भिजलेले मोजे चुलीच्या वैलाशी टांगून ठेवले. घरातले मामा म्हणाले, "कात्राबाईवर वीज नेहमीचीच. आमी बी ढग आला की वर जात नाय." मास्तरने भाकरीवरून मान वर केली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं. 'थांब' पण घेऊ करारात."

शनिवार : मुळा

रात्री पुन्हा जोरदार पडून गेला. सकाळी आकाश लख्ख, पण मामा म्हणाले, नदी उतरल्याशिवाय निघू नका. ही मुळा म्हणजे पुण्याची नव्हे. ही इथे या डोंगरांत उगवते, आंबितच्या धरणातून पुढे जाते, प्रवरेला मिळते आणि प्रवरा गोदावरीला. मास्तरने ही गोष्ट मामांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते खाली काय व्हतं ते ठाऊक नाय. हितं ती गुडघ्यापतुर आली की जायचं."

आम्ही तरी काठावर जाऊन पाहिलंच. पाणी गढूळ, मध्ये पांढरा फेस, आणि तळातून दगड गडगडत जाण्याचा आवाज. तो दगडांचा आवाज येत असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही, हे मला तिथे उभं राहूनच उमजलं. कुणी समजावायची गरज पडली नाही. डोंगरातल्या नद्या चढतात तशाच भराभर उतरतातही, खोरं लहान असतं, पाणी वाहून जातं. मास्तरने काठावर एक काडी रोवली. तासाभराने काडीपासून पाणी वीतभर मागे सरलं. दुपार होता होता आवाज थांबला आणि तळ दिसायला लागला.

मामा सोबत आले. ओलांडायची जागा त्यांनी दाखवली. आम्ही अरुंद जागा बघत होतो. त्यांनी रुंद पसरट जागा निवडली. अरुंद जागी पाणी खोल आणि ओढ जास्त, रुंद जागी उथळ. बूट काढले नाहीत, मोजे काढले. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवला, म्हणजे पडलोच तर ओझं झटकता येईल. तिघांनी एकमेकांच्या खांद्याला धरून, प्रवाहाकडे तोंड करून, आडवी पावलं टाकली. पाणी मांडीपर्यंत आलं, आणि मधोमध मास्तरचा तोच गुडघा लचकला. मामांनी त्याच्या सॅकची पट्टी धरून ठेवली होती, त्यामुळे तो नुसता डगमगला. पलीकडे गेल्यावर मामांना पैसे द्यायला गेलो तर घेईनात. मग मास्तरने आपली चालायची काठी दिली. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली, लांबी कमी-जास्त होते ते बघून हसले आणि ठेवून घेतली. जाताना ती खांद्यावर टाकून, पाण्यात तिचा काहीही उपयोग न करता परत गेले.

पाचनईपर्यंतची चाल सरळ होती, भातखाचरांच्या बांधांवरून आणि पठारावरून. भात पोटरीत आलेलं. गावात अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडली. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालचं. इथल्या जंगलात शेकरू आहे. आम्हाला त्याची घरटी दिसली, शेकरू नाही.

पाचनईची वाट गडावर जायची सगळ्यात सोपी वाट. एका बाजूला पुढे झुकलेला कातळ, दुसऱ्या बाजूला मंगळगंगेची घळ, आणि कातळावरून पडणाऱ्या धारांच्या आतून चालायचं. पण या सोप्या वाटेवर, दोन दिवस दुसरा एकही भटक्या न दिसल्यावर, एकदम माणसंच माणसं. शनिवार होता. तंबूंच्या रांगा, स्पीकर, मॅगीच्या टपऱ्या. मला राग आला. मास्तर म्हणाला, "त्यांनाही यायचा तितकाच हक्क आहे. स्पीकरचा नाही, पण यायचा आहे." मग आम्ही गर्दीपासून लांब, पठाराच्या कडेला तंबू लावला.

उजेड होता तोवर केदारेश्वराच्या गुहेत गेलो. कंबरभर बर्फासारख्या पाण्यात शिवलिंग, भोवती चार खांबांपैकी एकच धड. उरलेला खांब पडला की जग बुडणार, ही गोष्ट तिथे कुणी ना कुणी सांगतंच. मास्तरचं उत्तर ठरलेलं आहे. डोंगर आतून कोरून काढलेल्या गुहेत छप्पर, भिंती, खांब सगळं एकाच कातळाचं असतं. तीन खांब तुटूनही छप्पर जागचं हललेलं नाही, म्हणजे भार त्यांच्यावर नव्हताच. पाण्यात उतरलेल्या एका मुलाने हे ऐकलं आणि विचारलं, "मग खांब कोरले कशाला?" मास्तर पहिल्यांदाच निरुत्तर झाला. "देवळाला खांब लागतात म्हणून," असं काहीतरी पुटपुटला.

रविवार : कोकणकडा, तोलार खिंड, खिरेश्वर

कोकणकड्यावर सूर्यास्ताला जत्रा असते, म्हणून आम्ही पहाटे गेलो. इंद्रवज्र दिसेल अशी मास्तरला आशा होती. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली इथे ते वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिलं, असं सांगतात. मास्तरचा हिशेब असा की सूर्य पाठीशी आणि ढग समोर खाली हवा. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळच बरी. ढग होते, भरपूर होते, दरी काठोकाठ भरली होती. पण सूर्य मागच्या तारामतीच्या वर येईपर्यंत वाऱ्याने ढग फाटले आणि खाली बेलपाडा गाव दिसायला लागलं. आम्ही पोटावर पडून आत वळलेल्या कड्याच्या धारेवरून खाली पाहिलं. खालून गडावर येणारी अवघड नळीची वाट ज्या घळीतून चढते ती दिसत होती. मास्तरने तिच्याकडे नको तितका वेळ पाहिलं.

उतरलो तोलार खिंडीने. तंगडतोड वाट, एक टेकडी संपली की दुसरी, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा. वर येणाऱ्यांची रीघ होती आणि खाली जाणारे आम्ही दोघंच, त्यामुळे प्रत्येकाला थांबून जागा द्यायची. मास्तरचा गुडघा सुजला होता. त्याच्या सॅकमधलं जड सामान माझ्याकडे घेतलं. तो नाही म्हणाला नाही, यावरून दुखणं किती ते कळलं. खिंडीत वाघाचं जुनं शिल्प आहे. त्याच्याजवळ बसून शेवटचा गूळ-शेंगदाणा संपवला. इथून उत्तरेचं पाणी मुळेला, दक्षिणेचं पुष्पावतीला. मास्तरने बाटलीतलं उरलेलं पाणी अर्धं अर्धं दोन्ही बाजूंना ओतलं. मी त्याला वेड्यात काढलं, आणि मग पुढच्या तासाभराच्या उतारावर आमच्याकडे प्यायला थेंबही नव्हता.

खिरेश्वरात हापशावर पाणी प्यालो आणि नागेश्वराच्या देवळात गेलो. हेही झंझाच्या बारांतलं म्हणतात, पुष्पावतीच्या उगमाकडचं. दारावरचा शेषशायी विष्णू आणि छताचे कोरीव दगड बघायला मान वर करून उभं राहावं लागतं. मास्तर सरळ जमिनीवर आडवा झाला, म्हणाला गुडघ्याला आराम आणि डोळ्यांना छत. पुजाऱ्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग तेही बाजूला बसले आणि कुठून आलात म्हणून विचारू लागले. रतनवाडीहून चालत, म्हटल्यावर त्यांनी आमच्या बुटांकडे पाहिलं.

पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या भिंतीवरून खुबी फाट्यापर्यंतची पाच-सहा किलोमीटर चाल जीपने वाचवली. फाट्यावर सामानाची वाटणी केली. मला कल्याणची एसटी, त्याला आळेफाट्याची. गॅस आणि भांडी त्याने घेतली, ओला तंबू माझ्याकडे आला. नळीच्या वाटेचं त्याने काढलंच. गुडघ्याचा एक्स-रे दाखवल्याशिवाय तारीख मिळणार नाही, असं मी सांगितलं. त्याची गाडी आधी आली. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने काहीतरी ओरडून सांगितलं; इंजिनाच्या आवाजात एवढंच कळलं की त्याची दुसरी काठी माझ्या सॅकला राहिली आहे.